फेडरेटेड डेटाबेस : खसरा इकडे, सातबारा तिकडे, मेळ कसा बसायचा?

समजा, एका शेतकऱ्याची दीड हेक्टर संत्र्याची बाग पांढुर्णा तहसिलीत आहे आणि दीड हेक्टर वावर पलीकडे वरूड तालुक्यात. पहिल्याची नोंद मध्य प्रदेशच्या भूलेखात, दुसऱ्याची महाराष्ट्राच्या महाभूलेखात. दोन हेक्टरपर्यंत अल्पभूधारक, या हिशेबानं तो दोन्हीकडे अल्पभूधारक ठरतो. बेरीज केली तर नाही. पण ही बेरीज करणार कोण?

फेडरेटेड डेटाबेस म्हणजे काय?
वेगवेगळ्या मालकीचे डेटाबेस आपापल्या जागीच राहतात, त्यांच्यावर एक सामाईक थर असतो. प्रश्न एकदाच विचारायचा. तो थर प्रत्येकाकडून उत्तर आणून जोडून देतो. ही रचना हाइम्बिग्नर आणि मॅक्लाउड यांनी १९८५ मध्ये मांडली. शेठ आणि लार्सन यांनी १९९० मध्ये तिची तीन लक्षणं सांगितली : विखुरलेपण, विविधता आणि स्वायत्तता.

सगळं एकाच जागी का ठेवत नाहीत?
राज्यघटनेनुसार जमीन हा राज्यांचा विषय आहे. शिवाय नोंदींची नक्कल काढून ठेवली, तर मूळ नोंद बदलताच ती शिळी होते.

संशोधनाचे अडलेले प्रश्न

*अर्थ :* इकडे खसरा नंबर, तिकडे गट नंबर. इकडे नामांतरण, तिकडे फेरफार. इकडे गिरदावरी, तिकडे पीक पाहणी. इकडे भूमिस्वामी, तिकडे भोगवटादार. नुसतं भाषांतर पुरत नाही, कारण शब्दासोबत हक्कही बदलतो. भोगवटादार वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, हे त्या थराला माहीत असावं लागतं.

*ओळख :* दोन नोंदींतला माणूस एकच, हे कसं ठरवायचं? मध्य प्रदेशची नऊ अंकी समग्र आयडी महाराष्ट्रात चालत नाही. नावात एका मात्रेचा फरक पडला तरी एकाचे दोन होतात. घाईनं जोडलं तर दोघांचा एक होतो आणि दुसऱ्याचंच वावर खात्यात दिसतं.

*वेळ :* एकीकडे वारसाची नोंद चढली, दुसरीकडे प्रकरण अजून प्रलंबित. दोन्ही डेटाबेस एकाच क्षणी थांबवायचा अधिकार कोणाकडेच नसतो.

*बदल :* २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर तहसिली वेगळ्या होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. गाव तेच, जिल्हा नवा. थरातली यादी जुनीच राहिली तर गाव सापडतच नाही.

*गोपनीयता :* बेरीज सांगायची, पण पूर्ण उतारा उघडायचा नाही, हे कसं साधायचं?

सध्या काय चाललंय?
केंद्राच्या ॲग्रीस्टॅकची रचनाही फेडरेटेडच आहे. शेतकरी, गावनकाशे आणि पेरणीच्या नोंदी राज्यांकडेच राहतात. भू-आधार योजनेत प्रत्येक तुकड्याला १४ अंकी-अक्षरी ओळख मिळते. त्यानं वावर ओळखता येतं. मालक आणि त्याचा हक्क जुळवणं हे काम वेगळं उरतं.

तोवर सीमेवरच्या शेतकऱ्यानं खसरा, सातबारा आणि आधार या तिन्हींवर नाव अक्षरशः सारखं आहे का, ते तपासून घ्यावं. कोणतीही यंत्रणा आली तरी जुळणी तिथूनच सुरू होते.