मुंबई ते लंडन : एका हवाई मार्गाची कथा

ता. ८ जून १९४८ च्या रात्रीं मुंबईच्या विमानतळावरून ‘मलबार प्रिन्सेस’ नांवाचें चार एंजिनांचें लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान उडालें आणि कैरो व जिनीव्हा येथें थांबत ता. १० रोजीं लंडनला पोंचलें. कॅप्टन के. आर. गझदर हे त्याचे प्रमुख वैमानिक होते. उतारूंत नवानगरचे जामसाहेब होते. एअर इंडियाचे अध्यक्ष श्री. जे. आर. डी. टाटा हेही सपत्नीक होते. आगबोटीनें ज्या प्रवासाला दोन-तीन आठवडे लागत तो दोन रात्रींत झाला, ह्याचें श्रोत्यांना आज नवल वाटणार नाहीं. नवल आहे तें निराळेंच. देशाला स्वातंत्र्य मिळून पुरतें वर्ष झालें नव्हतें. फाळणीनें लाखों कुटुंबें निराधार केलीं होतीं. काश्मीरांत युद्ध चालू होतें. अशा वेळीं सरकारनें आपला पैसा विमानाच्या धंद्यांत कां घालावा ?

ह्याचें उत्तर शोधावयाचें तर थोडें मागें जावें लागतें. इ. स. १९२९ मध्यें ‘इंपीरियल एअरवेज’ ह्या ब्रिटिश कंपनीनें लंडनहून कराचीपर्यंत विमानें सुरू केलीं. पुढील टपाल मुंबई-मद्रासकडे हवेंतून नेण्याची कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट ह्या वैमानिकानें टाटांपुढें मांडली. ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं टाटा स्वतः एक लहानसें ‘पुस मॉथ’ विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस उतरले, आणि तेथून व्हिन्सेंट ह्यांनीं टपाल बल्लारीवरून मद्रासला नेलें. जुहूची जागा म्हणजे समुद्रकांठचें सपाट मैदान. पावसाळ्यांत तेथें चिखल होई, म्हणून त्या दिवसांत विमानें पुण्यास येरवड्याच्या तुरुंगाजवळील एका माळावर उतरत. राजबंद्यांच्या डोक्यावरून विलायतेचें टपाल जाई, हा योग मोठा विलक्षण खरा ! पण ह्या व्यवस्थेंतील वांटणी नीट पाहण्यासारखी आहे. लंडन ते कराची हा राजमार्ग परक्यांचा, आणि कराचीपासून पुढची आडवाट तेवढी आपली.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ह्या वांटणीला कायद्याचें स्वरूप येण्याचा संभव निर्माण झाला. इ. स. १९४४ च्या डिसेंबरांत शिकागो येथें झालेल्या करारानें प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता असल्याचें मान्य केलें. समुद्र सर्वांना मोकळा; आकाश तसें नव्हे. कोणाचें विमान कोठें उतरावें आणि कोठून उतारू घ्यावे, हें आतां दोन सरकारांच्या देवघेवीवर ठरावयाचें होतें. अशा देवघेवींत ज्याच्यापाशीं स्वतःचीं विमानें नाहींत त्याचा हक्क कागदावरच राहतो. ब्रिटनच्या आणि अमेरिकेच्या कंपन्या युद्धांत तयार झालेलीं वैमानिकांचीं पथकें घेऊन पुढें सरसावल्या होत्या. वाट पाहण्यांत आपला तोटा होता, आणि तो पुढें पैशानें भरून निघणारा नव्हता.

टाटा एअरलाइन्सचें रूपांतर इ. स. १९४६ मध्यें ‘एअर इंडिया’ ह्या सार्वजनिक कंपनींत झालें होतें. पुढच्याच वर्षीं टाटांनीं सरकारपुढें योजना ठेवली : परदेशी मार्गांसाठीं निराळी कंपनी काढावी, तींत सरकारनें शेंकडा ४९ भाग घ्यावेत आणि पाहिजे तेव्हां आणखी दोन घेण्याचा हक्कही राखावा. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई ह्यांच्या खात्यानें होकार देण्यास फार दिवस लावले नाहींत. ता. ८ मार्च १९४८ रोजीं ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ जन्मास आली आणि बरोबर तीन महिन्यांनीं तिचें विमान उडालें. माझ्या मतें ह्या करारांतील मर्म ४९ ह्या आंकड्यांत नसून त्या दोन भागांत आहे. सरकार व्यवहारांत दुय्यम भागीदार राहिलें, परंतु मालकीचें दार त्यानें कुलूप न लावतां नुसतें लोटून ठेवलें.

पहिल्या तीन विमानांचीं नांवें मलबार, रजपूत आणि मोगल राजकन्यांचीं होतीं. मराठा राजकन्येची पाळी थोडी उशिरां आली. त्याबद्दल आपण रुसूं नये! इ. स. १९५० मध्यें मुंबई-नैरोबी मार्ग सुरू झाला. पूर्व आफ्रिकेंत वसलेल्या गुजराती, गोमंतकी आणि पंजाबी कुटुंबांना त्याचें महत्त्व कोणीं सांगावयास नको होतें.

त्याच वर्षीं ह्या मार्गाची किंमतही मोजावी लागली. ता. ३ नोव्हेंबर १९५० रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ जिनीव्हाकडे जात असतां माँ ब्लाँ पर्वतावर आदळलें आणि आंतील सर्व ४८ माणसें मृत्यु पावलीं. त्यांत जहाजावर रुजू होण्यास निघालेले खलाशी बरेच होते. लंडनचा विमानमार्ग राजेरजवाड्यांसाठींच होता, हा समज त्या उतारूंच्या यादीनें खोटा ठरतो. त्या विमानांतील टपाल हिमनदीनें पुढें कित्येक वर्षांनीं थोडथोडें परत दिलें.

लोटलेलें दार इ. स. १९५३ मध्यें उघडलें. त्या वर्षीं कायदा होऊन ता. १ ऑगस्टपासून हवाई वाहतूक सरकारी झाली. टाटांचा ह्या धोरणास विरोध होता. तरीही परदेशी मार्गांच्या महामंडळाचें अध्यक्षपद त्यांनीं स्वीकारलें आणि इ. स. १९७८ पर्यंत सांभाळलें. त्यांच्याच कारकीर्दींत इ. स. १९५५ मध्यें टोकियो आणि इ. स. १९६० मध्यें बोइंग ७०७ विमानांनीं न्यूयॉर्क हीं ठिकाणें मुंबईशीं जोडलीं गेलीं. ता. २७ जानेवारी २०२२ रोजीं सरकारनें ही संस्था पुन्हा टाटांच्या हवालीं केली.