एका हरलेल्या हंगामाचा इतिहास

विजयाच्या बखरी लिहावयास कोणालाही आवडते. पराभवाची आठवण राखणे हे मात्र थोड्यांनाच साधते. आपल्या मराठी भाषेस ते साधले आहे. १७६१ साली पानिपतावर जे घडले त्यास अडीचशेहून अधिक वर्षे लोटली, तरी कोठे सर्वनाश ओढवला की आपण सहज ‘पानिपत झाले’ असे म्हणून जातो. क्रीडांगणावरील पराभवांस मात्र असे चिरंजीवित्व लाभत नाही. विजयी संघाची नावे ढालीवर कोरली जातात; पराभूतांच्या नावापुढे एक आकडा उरतो आणि दुसऱ्या हंगामापर्यंत तोही विस्मरणात जातो. पुणे शहराचे नाव धारण करणाऱ्या अशाच एका धंदेवाईक क्रिकेट संघाच्या, पुणे वॉरियर्सच्या, २०१२ सालच्या हंगामाचा वृत्तांत आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे. तो संघ आता अस्तित्वात नाही. तो कशाने गेला याचा विचार केला, तर हार म्हणजे नेमके काय, याविषयी काही बोध होण्याजोगा आहे.

इंडियन प्रीमियर लीग ही स्पर्धा २००८ साली सुरू झाली. वीस षटकांचे सामने, शहरांची नावे घेतलेले संघ, आणि त्या संघांचे व खेळाडूंचे जाहीर लिलाव अशी तिची रचना. आरंभीच्या आठ संघांत सर्वांत महाग ठरलेल्या मुंबईच्या संघाची किंमत सुमारे ११ कोटी १९ लक्ष डॉलर होती. मार्च २०१० मध्ये आणखी दोन संघांचा लिलाव झाला, त्यांत सहारा समूहाने पुण्याच्या संघासाठी ३७ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे १७०० कोटी रुपये मोजण्याचे कबूल केले. मुंबईच्या तिपटीहूनही ही रक्कम अधिक होती. ती दहा वर्षांत फेडावयाची होती. एका चेंडूचाही खेळ होण्यापूर्वी या संघाच्या शिरावर असा मोठा बोजा चढला.

हिशेबात पहिली फट लगेच पडली. हंगामात एकंदर ९४ सामने होतील या अपेक्षेने बोली लावली गेली होती. २०११ साली प्रत्यक्षात ७४ सामने झाले. सामने घटले म्हणजे उत्पन्नही घटले, अशी मालकांची तक्रार होती. नियामक मंडळास ती तशी मान्य नव्हती. त्या पहिल्या वर्षी संघास पुण्यात मैदानही मिळाले नव्हते. ‘घरचे’ सामने नव्या मुंबईत होत. युवराज सिंगच्या नेतृत्वाखाली चौदांपैकी चारच सामने जिंकता आले आणि दहा संघांत पुण्याचा क्रमांक नववा लागला.

दुसऱ्या वर्षाची सुरुवात त्याहून बिकट. भारताला २०११ चा विश्वचषक मिळवून देण्यात ज्याचा सिंहाचा वाटा होता, तो युवराज कर्करोगाने ग्रस्त होऊन अमेरिकेत उपचार घेत होता. त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेण्यासाठी लिलावात सवलत मिळावी, ही मागणी मान्य झाली नाही. ४ फेब्रुवारी २०१२ रोजी, ऐन लिलावाच्या सकाळी, सहाराने क्रिकेट मंडळाशी संबंध तोडत असल्याचे घोषित केले. काही दिवसांत समेट झाला खरा. तथापि लिलाव होऊन गेला होता आणि पुण्याची खुर्ची त्यांत रिकामीच राहिली होती. पुढे मिळतील ते खेळाडू जमवून आणि एकोणचाळीस वर्षांच्या सौरव गांगुलीकडे कर्णधारपद सोपवून संघ उभा करण्यात आला.

एक गोष्ट मात्र त्या वर्षी मनासारखी झाली. मावळ तालुक्यातील गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे नवे, देखणे मैदान तयार झाले आणि १ एप्रिल २०१२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्यावर नावही सहाराचेच होते. आता संघास घर मिळाले. पण घर आणि आप्तजन या दोन गोष्टी वेगळ्या. पुणे जिल्ह्याचा विस्तार केवढा! मैदान पश्चिमेस, मुंबईच्या द्रुतगती मार्गाच्या कडेला; तर पूर्वेस भीमेकाठचे दौंड आणि ईशान्येस घोडनदीकाठचे शिरूर, हे तालुके जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकास. रात्री उशिरा संपणारा सामना पाहून तिकडे परतणे ही सामान्य प्रेक्षकाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हे. ज्या जिल्ह्याचे नाव संघ मिरवीत होता, त्यातील बहुसंख्य लोकांना तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच भेटत असे, आणि त्या पडद्यावर तर मुंबई, चेन्नई, कोलकाता हे सारेच संघ सारख्याच अंतरावर होते.

तरीही हंगामाचा प्रारंभ आशादायक होता. ६ एप्रिलला मुंबईत, वानखेडे मैदानावर, पुण्याने अवघ्या १२९ धावा केल्या, आणि बलाढ्य मुंबईस १०१ धावांत रोखून २८ धावांनी सामना जिंकला. अशोक दिंडाने चार गडी टिपले. दोनच दिवसांनी गहुंज्यास पंजाबचा पराभव झाला. पुढे चेन्नईसही तेथेच हार खावी लागली. १७ एप्रिलला बंगळूरात १८२ धावा करूनही पुणे हरले. ख्रिस गेलने राहुल शर्माच्या एकाच षटकात पाच षटकार मारले, आणि विजयाचा फटका अगदी शेवटच्या चेंडूवर बसला. २१ एप्रिलला दिल्लीत पुन्हा विजय मिळाला. सात सामने झाले होते. चार जिंकले, तीन हरले. या क्षणी कोणी या संघाचे भविष्य वर्तविले असते, तर ते वाईट वर्तविले नसते.

त्यानंतर पुण्याने एकही सामना जिंकला नाही. पुढचे नऊच्या नऊ सामने संघ हरला.

या नऊ पराभवांचा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. पहिला, २४ एप्रिलचा, दिल्लीकडून झालेला मोठा पराभव. त्यानंतरच्या चार पराभवांचे अंतर असे : १८ धावा, १३ धावा, एक धाव, सात धावा. ३ मे रोजी गहुंज्यास मुंबईचा संघ १२० धावांच्या पुढे जाऊ शकला नाही, आणि पुण्याचे चार गडी हाती शिल्लक असताना डाव ११९ वर थांबला. हा संघ त्या दिवसांत दुबळा नव्हता. तो उंबरठ्यावर अडखळत होता. शेवटच्या चार सामन्यांतील पराभवांचे स्वरूप मात्र बदलले : सात गड्यांनी, ३५ धावांनी, ४५ धावांनी, ३४ धावांनी. थोडक्यात हरण्याची सवय लागली की मोठ्या फरकाने हरणे फार दूर राहत नाही. दोन-तीन सामने हातचे गेल्यावर प्रत्येक खेळाडूच्या मनात शेवटच्या षटकाचे भय आधीच येऊन बसते, आणि भयाने आखडलेला हात चेंडूवर वेळेवर पोहोचत नाही. सोळा सामने, चार विजय, बारा पराभव, नऊ संघांत नववा क्रमांक, असा हंगामाचा ताळेबंद झाला.

येथे पुण्याच्याच भूमीवरील एक जुनी घटना स्मरते. डिसेंबर १९४८ मध्ये रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर आला होता. तेव्हा काठेवाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला, आणि संघ मैदानावर परतला नाही. तो कर्णधार राजकोटचा ठाकोरसाहेब, म्हणजे संस्थानिक होता. त्यास तसे करता आले. धंदेवाईक खेळाडूस ही मुभा नाही. वेळापत्रक छापलेले असते, तिकिटे विकलेली असतात. आठव्या पराभवानंतर नवव्यासाठीही पोशाख चढवून मैदानात उतरावेच लागते. यात मानहानी आहे असे कोणी म्हणेल. मला त्यात एक प्रकारची प्रतिष्ठा दिसते.

मग या संघाचे बिनसले कोठे? युवराजची अनुपस्थिती, लिलावातील गैरहजेरी ही कारणे उघड आहेत. त्यांहून खोल कारण संघाच्या घडणीत होते. रॉबिन उथप्पा व मनीष पांडे कर्नाटकाचे, दिंडा बंगालचा, राहुल शर्मा पंजाबचा, आशिष नेहरा दिल्लीचा, भुवनेश्वर कुमार उत्तर प्रदेशचा, स्टीव्ह स्मिथ व मायकेल क्लार्क ऑस्ट्रेलियाचे. गुणी माणसे होती यात शंका नाही. पण नेहमी मैदानात उतरणाऱ्यांत महाराष्ट्राचा खेळाडू शोधावा लागे. ५ मे रोजी हा संघ कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर खेळला, तेव्हा तेथील हजारो लोक आपल्याच शहराच्या संघाविरुद्ध पुण्याचा जयघोष करीत होते. तो जयघोष पुण्याचा नव्हता, त्यांच्या लाडक्या गांगुलीचा होता. उसने प्रेम उसन्या वस्तूसारखेच. मुदत संपली की परत जाते.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येईल. २०१३ साली पुन्हा सोळांपैकी चारच विजय मिळाले. २३ एप्रिलला बंगळूरात गेलने एकट्याने नाबाद १७५ धावा कुटल्या आणि पुणे १३० धावांनी हरले. पण संघाचा अंत गेलच्या बॅटीने झाला नाही. शुल्काच्या वादात मंडळाने मालकांची बँक हमी वटविली. मे २०१३ मध्ये सहाराने स्पर्धेतून अंग काढून घेतले आणि ऑक्टोबरात मंडळाने करार रद्द केला. त्याच वर्षी मैदानावरील नावही उतरले. तीन हंगामांत संपलेल्या या संघासाठी शहराने फारसा शोक केल्याचे दिसले नाही.

आता याच शहराचे दुसरे उदाहरण पाहा. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पुणेरी पलटण हा संघ पहिल्या वर्षी आठांत आठवा आला आणि २०१५ साली पुन्हा आठवाच. वॉरियर्सपेक्षा ही कामगिरी सरस म्हणता येणार नाही. तोही विकत घेतलेलाच संघ, त्यातही परप्रांतीय खेळाडू होतेच. पण तो मोडला नाही. २०१६ साली तिसरा आला. डिसेंबर २०२२ मध्ये अंतिम सामना हरला. आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून विजेता झाला. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार हा महाराष्ट्राचाच, पलटणच्या तरुण फळीतून वर आलेला गडी होता.

कबड्डीची गोष्ट निराळी, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. शिरूर व दौंडकडच्या गावांत यात्रेच्या दिवसांत कुस्तीचा फड रंगतो, कबड्डीचे मैदान आखले जाते. गावचा संघ हरला म्हणून गाव संघ बरखास्त करीत नाही. कारण तो कोणी विकत घेतलेला नसतो. चार शिव्या पडतात, पारावर महिनाभर उणीदुणी निघतात, आणि पुढच्या यात्रेस तीच पोरे, त्यांत एखादा नवा भिडू घालून, पुन्हा दंड थोपटतात. पराभव पचविण्याची ही व्यवस्था फार जुनी आहे आणि तिला दोनच गोष्टी लागतात : आपलेपणा आणि अवधी. धंदेवाईक खेळाने पैशाने पुष्कळ गोष्टी आणल्या. अवधी मात्र पैशाने येतोच असे नाही. उलट बोली जितकी मोठी, तितका धीर अपुरा.

म्हणून २०१२ च्या त्या नऊ पराभवांस मी संघाच्या मृत्यूचे कारण मानीत नाही. हंगाम हरणे ही खेळातली नित्याची गोष्ट. कोणी तरी शेवटचा यावयाचाच. हरलेल्या संघास ‘हा आमचा’ असे म्हणणारे कोणी उरते की नाही, एवढाच खरा प्रश्न असतो. पानिपतानंतर दहा वर्षांत मराठी फौजा पुन्हा दिल्लीत पोहोचल्या, कारण हरलेल्या फौजेमागे तिला आपली म्हणणारा मुलूख होता. वॉरियर्सच्या मागे असा मुलूख तयार होण्यापूर्वीच हिशेब मिटविला गेला.