मेहली मेहता : दरवर्षी नव्याने उभा राहणारा वाद्यवृंद

पाश्चात्त्य अभिजात संगीताशी आपल्यापैकी फार थोड्यांचा संबंध आला. तरी झुबीन मेहता हे नाव सर्वांच्या कानावर आहे. मुंबईचा मुलगा जगातल्या नामांकित वाद्यवृंदांचा संचालक झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांचे वडील मेहली मेहता यांचे नाव मात्र त्या मानाने कमी घेतले जाते. गुरुजन आणि विद्यार्थी एकत्र जमले आहेत, तेव्हा त्यांची ओळख करून द्यायला यापेक्षा चांगले निमित्त कोणते? कारण मेहली आधी वादक, मग संचालक आणि शेवटी पुरते शिक्षक झाले.

२५ सप्टेंबर १९०८ रोजी मुंबईतल्या पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. व्हायोलिन हे त्यांचे वाद्य. ते शिकण्याच्या सोयी तेव्हा तुटपुंज्या होत्या. बरेचसे स्वतःच्या कष्टाने मिळवावे लागले. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. वादक आणायचे कुठून? हौशी पारशी वादक, गोव्याकडचे व्यावसायिक वादक, फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधली माणसे, अशी मोट त्यांनी बांधली. गोव्याच्या अनेक वादकांची भाकरी हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणावर चाले. तिथून मोकळी झालेली मंडळी बेथोव्हेनच्या तालमीला येत. झुबीन यांचे बालपण याच सुरांत गेले.

१९४५ मध्ये, वयाच्या सदतिशीत, पत्नी आणि दोन लहान मुलांना घरी ठेवून मेहली न्यूयॉर्कला गेले. तिथे इव्हान गॅलमियन या थोर व्हायोलिन-शिक्षकापुढे ते विद्यार्थी म्हणून उभे राहिले. आपल्या शहरात ज्याचा शब्द प्रमाण, त्याने परत धडे गिरवायला बसणे सोपे नसते. मुंबईला परतून त्यांनी पुन्हा काम केले. पन्नाशीच्या दशकात ते मँचेस्टरला, जॉन बार्बिरोली यांच्या हॅले ऑर्केस्ट्रात, मुख्य व्हायोलिनवादकाचे सहायक म्हणून रुजू झाले. १९५९ मध्ये ते फिलाडेल्फियाला गेले आणि कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये वाजवू लागले.

१९६४ मध्ये ते लॉस एंजेलिसला आले. झुबीन तिथल्या फिलहार्मोनिकचे संचालक होतेच. मुलाच्या कीर्तीच्या सावलीत निवांत बसता आले असते. मेहलींनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तिथल्या शाखेत वाद्यवृंदाचे अध्यापन स्वीकारले आणि त्याच वर्षी तरुण वादकांचा अमेरिकन यूथ सिम्फनी हा वाद्यवृंद सुरू केला.

या कामाची गरज समजून घेतली पाहिजे. व्हायोलिन शिकणारा मुलगा वर्षानुवर्षे खोलीत एकटा रियाज करतो. वाद्यवृंदात मात्र रांगेतल्या सर्वांचे गज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जावे लागतात. कधी कधी कित्येक मात्रा नुसत्या मोजत थांबायचे आणि नेमक्या क्षणी सुरू व्हायचे. आपला सूर शेजाऱ्याच्या सुरात मिसळला का, हे वाजवता वाजवता ऐकायचे. हे एकट्याने शिकता येत नाही. शिक्षण संपणे आणि व्यावसायिक वाद्यवृंदात जागा मिळणे यांच्यामधला पूल मेहलींनी बांधला.

असा पूल बांधणाऱ्याच्या वाट्याला एक दुःख ठरलेले असते. वादक तयार झाला की तो निघून जातो. व्यावसायिक संचालक वर्षानुवर्षे त्याच मंडळींबरोबर काम करतो. तरुणांच्या वाद्यवृंदात दर हंगामाला जागा रिकाम्या होतात, नवे चेहरे येतात आणि तालीम पुन्हा पहिल्यापासून. मेहलींनी हे ३३ वर्षे केले. १९९८ मध्ये ते थांबले, तेव्हा नव्वदीला टेकले होते. त्यांच्या हाताखालून गेलेले वादक अमेरिकेतल्या व्यावसायिक वाद्यवृंदांत पोहोचले. १९ ऑक्टोबर २००२ रोजी मेहलींचे निधन झाले.

मुंबईत त्यांच्या नावाने १९९५ मध्ये स्थापन झालेले मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन आजही मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवते. लॉस एंजेलिसचा तो वाद्यवृंद मात्र २०२४ मध्ये, जवळपास ६० वर्षांनी, आर्थिक अडचणींमुळे बंद झाला. बातमी वाचून हळहळ वाटते. पण त्याचा हिशेब त्या दिवशीच्या शिल्लक रकमेवरून कसा करणार? तो तिथून बाहेर पडलेल्यांच्या हातांत आणि त्यांनी पुढे शिकवलेल्या मुलांच्या हातांत विखुरलेला आहे.

आदरणीय गुरुजनहो, वर्गातले बाक आपण दर जूनमध्ये नव्याने भरलेले पाहिले आणि दर उन्हाळ्यात रिकामे होताना पाहिले. मेहलींचे काम किती अवघड होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आणि मित्रहो, आपण सारे त्या रिकाम्या झालेल्या बाकांवरचेच.