घरगुती बिअरचा कच्चा माल: घाऊक घेतला तर टिकवायचा कसा?

अमेरिकेत घरी स्वतःपुरती बिअर बनवणे हा रुळलेला छंद आहे. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये त्यासंबंधीच्या कायद्यावर सही केली. पुढच्या वर्षापासून एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन, तर दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त बनवता येऊ लागली. ही बिअर विकता मात्र येत नाही. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे.)

या छंदातील लोक खर्च वाचवण्यासाठी कच्चा माल घाऊक घेतात. एका वेळच्या साधारण १९ लिटर बिअरला ४ ते ५ किलो माल्ट लागतो. म्हणजे २५ किलोचे पोते पाच वेळा पुरते. महिन्याला एकदा बिअर करणाऱ्याच्या घरी ते पाच-सहा महिने राहते. त्यात माल खराब झाला तर नुकसान फक्त मालाच्या किमतीचे नसते. बिअर तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि चूक कळते ती पहिल्या घोटाला.

माल्ट, हॉप आणि यीस्ट हे तिन्ही घटक वेगवेगळ्या कारणांनी खराब होतात. त्यामुळे तिघांची साठवण एकसारखी करून चालत नाही.

माल्ट: ओलाव्यापासून जपा

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. तिच्यात पाण्याचा अंश जेमतेम ४ ते ५ टक्के असतो, त्यामुळे ती हवेतला ओलावा पटकन ओढते. पापड सादळतो तसाच माल्टही सादळतो. ओळखायची खूण सोपी आहे: चांगला दाणा दाताखाली कुरकुरीत फुटतो, सादळलेला चिवट लागतो.

पोते उघडले की माल्ट हवाबंद डब्यात भरावा. कुत्र्यांच्या खाद्यासाठी मिळणारे, फिरकीच्या झाकणाचे मोठे डबे यासाठी अनेकजण वापरतात. जागा कोरडी, थंड आणि अंधारी असावी. उन्हाळ्यात तापणारे गॅरेज नको. अशा प्रकारे अख्खा माल्ट साधारण वर्षभर चांगला राहतो. दळलेल्या माल्टचे टरफल फुटलेले असते आणि आतला भाग हवेला उघडा पडतो, म्हणून तो काही आठवड्यांत संपवावा. पोत्याने माल्ट घ्यायचा असेल तर घरी दळायची छोटी गिरणी हवीच.

दुसरा धोका सोंडकिड्यांचा. नव्या पोत्यात किडे असल्याची शंका असेल तर माल्ट पिशव्यांत घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावा. बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर थंड दाण्यांवर पाणी धरते. गव्हात घालतात तशी बोरिक पावडर किंवा कडुलिंबाचा पाला यात घालू नये. माल्ट धुतला जात नाही, तो दळून थेट गरम पाण्यात भिजवतात.

हॉप: हवा आणि उष्णता टाळा

हॉप ही एका वेलीची शंकूसारखी फुले असतात. बिअरचा कडवटपणा आणि सुगंध त्यांतून येतो. कडवटपणा देणारी अल्फा आम्ले आणि सुगंधी तेले हवेतल्या ऑक्सिजनमुळे बिघडतात. प्रत्येक जातीचा टिकाऊपणा वेगळा असतो. कॅस्केड ही लोकप्रिय जात खोलीच्या तापमानात सहा महिन्यांत जवळपास निम्मी अल्फा आम्ले गमावते; मॅग्नम ही जात बरीच जास्त टिकते.

तापमान सुमारे १५ अंश सेल्सिअसने उतरवले की ऱ्हासाचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. म्हणून हॉप हवा काढून, जाड चंदेरी पाकिटात सील करून फ्रीजरमध्ये ठेवावेत. मोठे पाकीट उघडले की एकेका वेळेपुरते भाग करून लगेच पुन्हा सील करावेत. जुन्या चीजसारखा वास आला तर ते हॉप वापरू नयेत. कमी झालेला कडवटपणा प्रमाण वाढवून भरून काढता येतो, गेलेला सुगंध परत येत नाही. अपवाद बेल्जियममधील लँबिक बिअरचा. तिच्यात मुद्दाम जुने केलेले हॉप घालतात, कारण तिथे हॉपचा टिकवण्याचा गुण हवा असतो, कडवटपणा नको असतो.

यीस्ट: साठा करू नका

यीस्ट ही जिवंत पेशी आहे, त्यामुळे तिला मुदत असते. सुके यीस्ट बंद पाकिटात, फ्रिजमध्ये, छापील तारखेपर्यंत चांगले राहते. उघडलेले पाकीट सील करून फ्रिजमध्ये ठेवावे आणि आठवड्याभरात संपवावे. द्रवरूप यीस्टमधील जिवंत पेशी फ्रिजमध्येही महिन्याला साधारण पाचवा हिस्सा कमी होतात. ते फ्रीजरमध्ये ठेवू नये. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात.

किती घ्यावे?

आधी स्वतःचा वेग पाहावा. वर्षातून चारदाच बिअर करणाऱ्याला माल्टचे एक पोते वर्षभर पुरून उरते. त्याने दुसरे स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. उत्तर गोलार्धात हॉपची काढणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, वर्षातून एकदाच होते. म्हणून पाकिटावर काढणीचे वर्ष पाहावे आणि पुढच्या हंगामापर्यंत संपेल इतकेच घ्यावेत. यीस्ट मात्र लागेल तसेच आणावे. प्रत्येक डब्यावर आणि पाकिटावर नाव, खरेदीची तारीख आणि उघडल्याची तारीख लिहावी आणि जुना माल आधी वापरावा.