घरातला सेट, गच्चीवरची तार



आपल्या रेडिओवर बोलताना एक गोष्ट आम्हाला नेहमी खटकते. आमचं बोलणं तुमच्या स्वयंपाकघरात पोचतं, पण तुमचं आमच्यापर्यंत येत नाही. त्यासाठी फोन लागतो. आणि फोन बंद पडला की काय होतं, ते आपण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं आहे. कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, वीज गेली, मोबाइल मुके झाले. आमच्या गटातल्या तिघी पलीकडच्या काठावर अडकल्या होत्या. चार दिवस त्या जिवंत आहेत की नाहीत हे आम्हाला कळलं नाही. पाचव्या दिवशी बोटीतून चिठ्ठी आली, तेव्हा घास घशाखाली उतरला.

त्यानंतरच्या गटाच्या बैठकीत प्रश्न निघाला. तारेशिवाय आणि टॉवरशिवाय दोन्हीकडून बोलता येईल असं काही यंत्र असतं का? कुणीतरी म्हणालं, तालुक्याच्या गावी एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांच्या गच्चीवर लांबच लांब तार आहे आणि ते घरात बसून रशियाशी बोलतात. मग काय, आम्ही सहाजणी एस.टी.ने निघालो. आज त्या भेटीची आणि तिथून उलगडलेल्या इतिहासाची गोष्ट सांगायची आहे.

मास्तरकाका म्हणजे हॅम. हौस म्हणून, पैसे न घेता, सरकारी परवान्यावर जे बिनतारी यंत्रावरून बोलतात त्यांना जगभर हॅम म्हणतात. काकांच्या टेबलावर शिलाई मशीनच्या डोक्याएवढी काळी पेटी होती. मधोमध मोठं गोल बटण, समोर उजळलेले आकडे. हा त्यांचा ‘ऑल-बँड’ सेट. ऐकायचं आणि बोलायचं यंत्र एकाच पेटीत, आणि हॅमना दिलेले आखूड लहरींचे पट्टे, १६० मीटरपासून १० मीटरपर्यंत, सगळे त्या एकाच बटणाखाली.

आम्हाला वाटलं, बटण फिरवलं की झालं. काका हसले. म्हणाले, “सेट ऑल-बँड आहे हो, पण आभाळ ऑल-बँड नाही.” आपल्या डोक्यावर खूप उंचावर आयनांबर नावाचा थर असतो. रेडिओच्या लहरी त्याला लागून परत जमिनीकडे वळतात, म्हणून त्या डोंगर ओलांडून हजारो किलोमीटर जातात. पण उन्हाने तो थर बदलतो. दिवसा २० मीटरचा पट्टा लांबचं बोलतो. अंधार पडला की ४० आणि ८० मीटरचे पट्टे लांब जायला लागतात. १० मीटरचा पट्टा तर सूर्यावरच्या डागांवर अवलंबून. ते डाग साधारण ११ वर्षांच्या फेऱ्याने वाढतात आणि कमी होतात. त्यामुळे काही वर्षं तो पट्टा गजबजलेला असतो आणि काही वर्षं ओसाड.

तारेचंही तसंच. ४० मीटरच्या पट्ट्यासाठी सुमारे २० मीटर लांब तार लागते, ८० मीटरला त्याच्या दुप्पट. एक तार सगळीकडे सारखी चालत नाही. तारेचं आणि सेटचं जमलं नाही तर ताकद परत फिरते आणि सेट तापतो. हे काकांनी एक जुना सेट जाळून शिकलं.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, “माझं पण ऐका, पोरींनो. ह्यांनी तार बांधली तेव्हा मी तिच्यावर धुणं वाळत घातलं, तर घरात केवढा दंगा! हे बोलायला लागले की आमच्या जुन्या टीव्हीवर रेघा यायच्या, ऐन मालिकेच्या वेळी.” आता उलटं झालंय. काकूंच्या घरातल्या स्वस्त एलईडी दिव्यांची आणि मोबाइल चार्जरची खरखर काकांच्या सेटमध्ये येते. म्हणून रात्री दहाला काकू दिवे घालवतात, तेव्हा काकांना दूरचं ऐकू येतं. वीज कडाडली की धावत जाऊन तार सेटपासून काढायची, हे कामही काकूंच्याच अंगवळणी पडलंय. परवाना काकांच्या नावावर, पण चाळीस वर्षं सेट सांभाळला दोघांनी.

आता जरा मागे जाऊ.

आपल्या देशात पहिले हॅम अमरेंद्र चंद्र गुप्तू. १९२१ साली कोलकात्याहून त्यांनी हे सुरू केलं. त्याच वर्षी मुकुल बोस हे दुसरे हॅम झाले आणि दोघांचं आपसात बोलणं झालं. तेव्हा विकतचा सेट हा प्रकारच नव्हता. काचेचे व्हॉल्व्ह, तांब्याची गुंडाळी, लाकडी फळी, सगळं हातानं जोडायचं. १९३३ साली इंग्रज सरकारने कायदा केला की बिनतारी यंत्र परवान्याशिवाय जवळ बाळगणंही गुन्हा. बोलणं तर पुढची गोष्ट.

१९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं. नवे परवाने बंद झाले, असलेले सेट जमा करा असा हुकूम निघाला. आणि योगायोग बघा, त्याच १९३९ साली अमेरिकेत हॅम बायकांनी आपली स्वतःची संघटना उभी केली. तिकडे बायका एकत्र येत होत्या आणि इकडे सगळ्यांचीच तोंडं बंद होत होती.

पण सगळी नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक आली, पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. ट्रान्समीटर जुळवायला हॅमचंच ज्ञान उपयोगी पडलं. नरिमन प्रिंटर या मुंबईच्या हॅमने ते काम केलं. ४२.३४ मीटरवरून, ‘भारतात कुठूनतरी’ असं सांगून उषाताई बोलायच्या. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरायच्या, म्हणून जागा सारखी बदलायची. चौपाटी, गिरगाव, शेवटी महालक्ष्मी.

त्या रेडिओवरून काय सांगितलं गेलं ते आपण बायांनी लक्षात ठेवायला हवं. विदर्भातल्या आष्टी आणि चिमूर गावांत लोकांनी उठाव केला. त्यानंतर चिमूरमध्ये घराघरांत शिरून बायकांवर अत्याचार झाले. सरकारी रेडिओ त्यावर गप्प होता. चिमूर-आष्टीची बातमी काँग्रेस रेडिओने देशाला सांगितली. एका खेड्यातल्या बायकांवर काय गुदरलं, ते दुसऱ्या एका बाईच्या धाडसामुळे बाहेर आलं.

हे सुमारे तीन महिने चाललं. १२ नोव्हेंबर १९४२ ला तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला, ठिकाण उघड झालं आणि उषाताईंना चालू कार्यक्रमातच पकडलं. सहा महिने चौकशी झाली, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला ठेवलं. १९४६ ला त्या सुटल्या, पुढे मुंबईत प्राध्यापक झाल्या. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

युद्धानंतर हॅमचे परवाने पुन्हा मिळू लागले. लष्कराचे मोडीत निघालेले सेट भंगार बाजारातून आणायचे आणि उघडून दुरुस्त करायचे, हीच तेव्हाची पद्धत. परदेशात मात्र एकाच पेटीत सगळे पट्टे येऊ लागले. १९५९ साली अमेरिकेत कॉलिन्सचा ‘केडब्ल्यूएम-२’ आला. १९७० च्या सुमारास जपानी याएसूचा ‘एफटी-१०१’ आला. त्यात बहुतेक ट्रान्झिस्टर आणि मोजके व्हॉल्व्ह होते. पण आपल्याकडे आयात कर एवढा जबर की सामान्य माणसाने ती पेटी चित्रातच बघावी. १९८४ साली सरकारने या यंत्रांवरचा आयात कर माफ केला आणि मग ती पेटी मास्तरांसारख्या लोकांच्या टेबलापर्यंत आली. पंतप्रधान राजीव गांधी स्वतः परवानाधारक हॅम होते, त्यामुळे त्या काळात या छंदाला जरा मानही मिळाला.

काकांनी तो सेट कसा घेतला? काकूंनी भिशी फोडली. हे काका सांगत नव्हते, काकूंनी सांगितलं.

या छंदाचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की काका दोन नावं घेतात. एक किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात भूकंप झाला, तेव्हा हॅम आपले सेट घेऊन मदतीला गेले. दुसरं अंदमान.

अंदमानची गोष्ट एका बाईची आहे. भारती प्रसाद या हॅम. अंदमानात हॅमना बोलायची परवानगी कित्येक वर्षं मिळत नव्हती. त्यांनी ती पाठपुरावा करून मिळवली आणि २००४ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला सेट लावला. व्हीयू४आरबीआय ही त्यांची हाक. अंदमानातून कुणी बोलतंय म्हणून जगभरचे हॅम त्यांना साद घालत होते. २६ डिसेंबरच्या सकाळी साडेसहाच्या सुमाराला जमीन हलली, मग त्सुनामी आली. फोन गेले. भारतीताईंनी हौसेचं बोलणं तिथंच थांबवलं आणि त्याच सेटवरून मुख्य भूमीशी संपर्क जोडला. हैदराबाद तिथून दीड हजार किलोमीटरहून दूर. कोण सुखरूप, कोण बेपत्ता, कुणाच्या घरी निरोप द्यायचा, अशी नावांमागून नावं त्यांनी आणि सोबत्यांनी पोचवली. पुढे काही हॅम कार निकोबारलाही सेट घेऊन गेले.

हे ऐकताना आम्हाला आमच्या पुरातल्या तिघी आठवल्या. एवढाच तर निरोप हवा होता, ‘आम्ही सुखरूप आहोत.’

मग आम्ही उत्साहाने विचारलं, “काका, गटाच्या पैशातून असा एक सेट घेऊ का?” नवा सेट साधारण लाखाच्या घरात जातो, आमच्या बचतीतून जमलंही असतं. काकांनी चक्क नाही म्हटलं. “आधी माणूस तयार करा, मग सेट घ्या. परवाना नसताना सेट घेतलात तर तो गुन्हा. आणि परवाना असून रोज बसणारी बाई नसेल, तर पुराच्या दिवशी तो नुसता डबा. कोणत्या वेळी कोणता पट्टा चालतो, हे मला वीस वर्षांनी अंगात भिनलं. ते पुस्तकातून एका दिवसात येत नाही.”

त्यांनी सेटची भूकही सांगितली. नुसतं ऐकायला थोडी वीज पुरते, पण १०० वॉटवर बोलताना हा सेट १२ व्होल्टच्या बॅटरीतून २० अँपियरपर्यंत ओढतो. म्हणजे ट्रॅक्टरची चांगली बॅटरी आणि ती भरायला सौर पत्रा हवाच. शिवाय हॅम सेटवरून गाणी, जाहिराती, धंद्याची बोलणी चालत नाहीत. आपला सामुदायिक रेडिओ गावाला सांगायला, हॅमचा सेट माणसाला माणसाशी बोलायला. एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

परत येताना एस.टी.त बराच वाद झाला. एकीचं म्हणणं, पैसे नुसते पडून राहण्यापेक्षा सेट घेऊन टाकावा. दुसरी म्हणाली, गिरणी घेतली तेव्हा आधी चालवणारी शिकवली होती, आताही तसंच करू. शेवटी ठरलं ते असं. हॅमच्या परीक्षेला वयाची १२ वर्षं पूर्ण असली की बसता येतं. प्राथमिक दर्जाच्या परवान्याला मोर्सची टिक-टिकही यावी लागत नाही. सोप्या विजेचे धडे आणि नियम, एवढा अभ्यास. आमच्या गटातली एक सून आणि बारावीतली एक मुलगी दर रविवारी काकांकडे शिकायला जातात. भाड्याचे पैसे गट देतो. एकीला जरी परवाना मिळाला, तरी मग सेटची बैठक घेऊ. काकूंनी आधीच सांगून ठेवलंय की तार बांधायला त्या स्वतः येणार, धुण्याच्या दोरीपासून लांब.

शेवटी एक गंमत सांगतो आणि थांबतो. हॅम लोकांची बोलण्यात वापरायची आकड्यांची भाषा असते. निरोप घेताना ‘७३’ म्हटलं की सप्रेम नमस्कार. बाई कितीही वयाची असो, हॅमच्या भाषेत ती ‘यंग लेडी’. आमच्या सत्तरीच्या काकू हे ऐकून लाजल्या. आणि बायकांनी बायकांसाठी एक वेगळा आकडा ठेवलाय, ‘३३’. मैत्रीचा, जिव्हाळ्याचा नमस्कार, फक्त बाईकडून बाईला.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गावात कुणाच्या गच्चीवर लांब तार दिसली तर दार ठोठवा, सेट बघायला मागा. आणि तुमच्या गटातली एखादी मुलगी विजेच्या वायरींशी खेळत असेल तर तिला रागावू नका, आमच्याकडे पाठवा.

तुम्हा सगळ्यांना, ३३.