वंशावळ आणि रक्ताचा वारसा

आपल्या नगर जिल्ह्यातील एखाद्या जुन्या घराण्यास वंशावळ विचारली, तर मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून आला, त्यास पुत्र किती व कोणाची शाखा कोठे नांदते, हे पाच-सात पिढ्यांपर्यंत बहुधा सांगता येते. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तर याहून जुन्या नोंदी सापडतात. यात्रेस गेलेल्या कर्त्या पुरुषाने आपले, बापाचे, आजाचे व भावांचे नाव तेथे लिहून यावे, ही चाल फार जुनी आहे. पुढे छापील कुलवृत्तांत निघाले, तेही पुष्कळ अंशी अशाच नोंदींवर उभे राहिले. या साधनांविषयी आम्हांस आदर आहे. तथापि रक्तातून चालत येणाऱ्या एखाद्या गुणाचा माग काढू गेल्यास ही वंशावळ निम्मीच लिहिलेली आहे, असे ध्यानी येते. मुंबईत लागलेल्या एका शोधाच्या आधाराने ही गोष्ट ज्ञातिबांधव व भगिनींपुढे मांडण्याचा आमचा मानस आहे.

इ. स. 1952 मध्ये डॉ. भेंडे, देशपांडे व भाटिया यांनी लंडनचे रक्तगटतज्ज्ञ रेस व सँगर आदींच्या सहकार्याने ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. त्यात वर्णिलेल्या तीन व्यक्तींचे रक्त नेहमीच्या परीक्षेत ‘ओ’ गटासारखे दिसे. पण ‘ओ’ गटाच्या दात्याचे रक्तही त्यांच्याशी जुळत नसे. ‘ए’ व ‘बी’ ही द्रव्ये ज्या ‘एच’ नामक द्रव्यापासून घडतात, ते मूळ द्रव्यच त्यांच्या तांबड्या पेशींत नव्हते, आणि रक्तद्रवात त्याविरुद्ध प्रतिद्रव्य मात्र होते. या गटास पुढे ‘बॉम्बे रक्तगट’ हे नाव पडले. युरोपात असा मनुष्य दहा लाखांत एखादा. मुंबईत पुढे झालेल्या पाहणीत सुमारे 7,600 माणसांमागे एक आढळला. अशा माणसास प्रसंग पडल्यास त्याच गटाचे रक्त लागते, आणि ते मिळण्याचा पहिला संभव त्याच्या सख्ख्या भावंडांत असतो.

हा गुण एका जनुकावर अवलंबून आहे. प्रत्येकास त्या जनुकाची एक प्रत आईकडून व एक पित्याकडून मिळते. एकच प्रत सदोष असेल तर काहीच दिसत नाही. असा मनुष्य केवळ वाहक असतो. दोन्ही प्रती सदोष आल्या तरच गुण प्रकट होतो. मेंडेलने 1866 मध्ये वाटाण्याच्या रोपांवरून मांडलेला नियम तो हाच. माणसात त्याचा पडताळा इंग्लंडच्या गॅरड या वैद्याने 1902 मध्ये दिला. लघवी काळी पडणाऱ्या एका विकाराची कुटुंबे तपासता, रोग्यांचे आईबाप पुष्कळदा चुलत-मावस नात्यातले निघाले. बॉम्बे रक्तगटाच्या घराण्यांतही असेच नाते वारंवार आढळते.

आता आपल्याकडे पाहू. सगोत्र विवाह वर्ज्य, देवक जुळले तरी वर्ज्य. पण मामाची मुलगी करणे मात्र अनेक ज्ञातींत प्रशस्त. इरावतीबाई कर्वे यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात या पद्धतीचे विवेचन केले आहे. गोत्राचा नियम पित्याच्या वंशापुरता मोठा कडक. जनुकास मात्र गोत्र ठाऊक नाही! समजा, आजी वाहक आहे. तिच्या लेकीत व लेकात ती प्रत उतरण्याचा संभव प्रत्येकी निम्मा, नातवात व नातीत एकचतुर्थांश. लेकीच्या मुलाने मामाची मुलगी केली, तर दोघेही वाहक असण्याचा संभव सोळांत एक, आणि त्यांच्या एखाद्या अपत्यात गुण प्रकटण्याचा चौसष्टांत एक. आजोबा वाहक असले तरी हिशेब हाच. दहा हजारांत एकास होणारा असा गुण घेतला, तर आतेमामे विवाहात त्याचे प्रमाण सुमारे सातपट होते. यावरून मामाच्या घरची सोयरीक सरसकट मोडावी असे आम्ही म्हणत नाही. घरात आधी काही घडले असेल तर ते माहीत असावे, एवढेच म्हणतो. ते माहीत कसे व्हावे? जी लेक त्या गुणाची वाहक होऊन सासरी गेली, तिचे नाव माहेरच्या वंशावळीत नाही. सासरच्या वंशावळीत तर तिचे माहेरही नाही.

या अज्ञानाचा भार बहुतकरून स्त्रीवर पडत आला आहे. मूल व्यंग घेऊन आले की सुनेच्या माहेरचे रक्त वाईट ठरते. वास्तविक अशा प्रच्छन्न गुणात पित्याचा वाटा आईइतकाच असतो. बॉम्बे रक्तगटाची गोष्ट तर याहून कठीण. अशी स्त्री वरवर ‘ओ’ दिसते, पण ‘ए’ वा ‘बी’चे जनुक तिच्यात दडलेले असू शकते. तिचा पती ‘ओ’ गटाचा असूनही मूल ‘ए’ किंवा ‘बी’ गटाचे होऊ शकते. मूल तिचेच, पतीही तोच. चूक फक्त अपुऱ्या परीक्षेची. कागदावरील दोन अक्षरांवरून ज्या घरात संशय शिरेल, तेथे आधी ‘एच’ द्रव्याची परीक्षा करवावी. परळ येथील राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्थेत दुर्मीळ रक्तगटांचे काम चालते. ही संस्था मुळात 1957 साली रक्तगट-संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली होती.

यंदा मंडळाच्या कुटुंब-माहितीपत्रकात म्हणूनच चार रकाने वाढविले आहेत: प्रत्येक विवाहितेचे माहेर, दिलेल्या लेकींची सासरची घरे, बालपणी गेलेली मुले, आणि ज्याचा त्याचा रक्तगट. विकाराचे नाव कोणी लिहू नये. ते घरातच राहावे, स्थळे पाहताना चर्चेचा विषय होऊ नये. घरात आजी हयात असेल तर पत्रक तिच्याजवळ बसून भरावे. पहिल्या तीन रकान्यांतील माहिती बहुधा तिलाच ठाऊक असते.