रामेश्वरची वाट आळंदीत वळते

चाकणच्या चौकात कंटेनरांच्या रांगेत तुमची बस अडकली आहे. पहिली पाळी सुटली आहे. शेजारी बीडकडचा पोरगा गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवून पेंगतोय. बस हलेपर्यंत सुमारे साडेसातशे वर्षं मागं, आळंदीला जा.

गोदामं, वजनकाटे, भाड्याच्या खोल्या, काहीच उरत नाही. देवगिरीवर यादवांचं राज्य आहे. आज फेसाळणाऱ्या इंद्रायणीचा तळ तुम्हाला काठावरून दिसतो. सिद्धेश्वराच्या देवळाजवळ एक बाई पिंपळाला प्रदक्षिणा घालते आहे. ओल्या लुगड्याचा काठ मातीनं जड झालाय, ओठ हलताहेत, कपाळावर ठसठशीत कुंकू आहे. ही रुक्मिणी, गावच्या सिधोपंत कुलकर्ण्यांची लेक. तिचे यजमान विठ्ठलपंत मूळचे पैठणजवळच्या आपेगावचे. गोदाकाठ सोडून ते इथं आले आणि इथून थेट काशीला गेले. आपल्याला बायको आहे हे गुरूंपासून लपवून त्यांनी संन्यास घेतला. आता ते चैतन्याश्रम आहेत.

एवढ्यात रामेश्वरला निघालेले एक स्वामी गावात उतरतात. कुणी त्यांना रामानंद म्हणतं, कुणी श्रीपादस्वामी. रुक्मिणी वाकून नमस्कार करते. कुंकू पाहून स्वामी सहज म्हणतात, “पुत्रवती भव.”

ती हसते. तुम्ही जवळच उभे आहात, त्या हसण्यातला सल तुम्हाला कळतो. स्वामींनाही कळतो. ते विचारतात, “बाई, का हसलीस?” मग यजमानांचं नाव, गाव, वय, रूप, कधी गेले, सगळं खोदून विचारतात. उत्तरं ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरतो. काशीतला आपला शिष्य तो हाच!

इथवर योगायोग. संतचरित्रं पुढं सांगतात ते मला अधिक मोलाचं वाटतं. आशीर्वाद देऊन स्वामींना पुढं जाता आलं असतं, रामेश्वराचं पुण्य समोर होतं. ते यात्रा सोडून काशीला परतले आणि शिष्याला म्हणाले, घरी जा, संसार कर.

विठ्ठलपंत आले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता झाली. जन्मसालं १२७३, १२७५, १२७७, १२७९ अशी मानतात. संन्याशाचा संसार म्हणून गावानं त्यांना वाळीत टाकलं. प्रायश्चित्त म्हणून आईबापांनी देह ठेवला, तरी पोरांची फरफट थांबली नाही. हे दुःख झाकून ही गोष्ट गोड करू नये. पण त्याच पोरांतल्या ज्ञानदेवांनी १२९० मध्ये नेवाशात ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली आणि १२९६ मध्ये याच सिद्धेश्वराजवळ समाधी घेतली. आज लाखो वारकरी इथून पंढरीची वाट धरतात.

बस हलली. तुम्ही आजच्या रस्त्यावर आहात. या पट्ट्यात बीड, लातूर, नांदेडहून पोटासाठी आलेली माणसं रोज खांद्याला खांदा लावून प्रवास करतात. कुणाचा भाऊ हरवलेला असतो, कुणाचा नवरा घर सोडून गेलेला असतो. योगायोग माणसाला माणसाशेजारी आणून बसवतो, तेवढंच त्याच्या हाती. पुढं विचारपूस करायची आणि गरज पडली तर आपली वाट सोडून मागं फिरायचं, हे काम माणसाचं. शेजारचा पोरगा जागा झालाय. विचारा त्याला, “गाव कोणतं रे तुझं? घरी कोण कोण असतं?”